कोनाड्याम्होरची ट्रंक

हे आत्ताच्या आत्ता सांगाय पायजे. बस कराडच्या स्टँडात उभी हाय, कंडक्टर चहा प्यायला गेलाय, आणि सांगली येईस्तोवर थांबले तर मी हे परत मनातच दाबून टाकीन. म्हणून भराभरा टाइप करतेय. चुका असल्या तर असू द्या.

आमचं घर उंब्रजपासनं जरा आत, उसाच्या मधी. घरात मोबाइलला रेंज न्हाई. साधा फोन करायचा तरी गोठ्याम्होरं जाऊन उभं राहावं लागतं. पप्पा मिलिटरीत. म्हणजे हुते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरात वायफाय बसवून घेतलं, मधल्या खोलीतल्या कोनाड्यात राउटर ठेवला, आणि तवापासनं रोज संध्याकाळी साडेसातला आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल. पप्पा पार तिकडं बॉर्डरवर, मी सांगलीत हॉस्टेलवर, आई स्वैपाकघरात. आई फोन हळदीच्या डब्याला टेकवायची आणि भाकऱ्या थापायची. आमाला तिचं अर्धं कपाळ आणि वरचे पत्रे दिसायचे.

पप्पा म्हणायचे, "आवं बाईसाहेब, तोंड दाखवा. पत्रे बघायला फोन केला न्हाई मी."

"तोंड बघून पोट भरतंय व्हय? भाकरी बघा." आणि फुगलेली भाकरी खरंच कॅमेऱ्याम्होरं धरायची. पप्पा तिकडनं तोंड उघडायचे. रोज. लय येडे हुते दोघं.

उन्हाळ्यात पप्पा तिकडंच गेले. झोपेत, हार्टनं. महिन्याभरानं त्यांची काळी ट्रंक घरी आली, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर.

आणि आईचं वायफाय बंद पडलं.

दर दोन दिवसांनी गोठ्याम्होरनं तिचा फोन. "बाळा, नेट लागंना बघ. साडेसातला तुजा फोन येतच न्हाई."

"मी लावते गं रोज. लागतच न्हाई," मी म्हणायचे. मग हॉस्टेलच्या खाटेवर पडून शहाणपणा शिकवायचे. "सेटिंगमधी जा. वायफाय बंद कर, परत चालू कर."

आई मागल्या दारानं स्वैपाकघरात जायची, करून बघायची, परत गोठ्याकडं येऊन मला फोन लावायची.

"न्हाई लागलं."

"राउटरचं भिंतीवरचं बटन बंद कर. धा मोज. मग चालू कर."

परत आत, परत बाहेर. "वीस मोजलं. न्हाई लागलं."

"पासवर्ड परत टाकलास?"

"टाकला की. दोनदा." मागनं म्हैस हंबरायची. "बघ, म्हैसबी न्हाईच म्हणतीय."

आमी हसायचो. हसून फोन ठेवायचो. असे दोन महिने गेले.

शेवटी या शनिवारी मीच गेले. आईचा फोन डब्याला टेकवलेला तसाच ठेवला आणि माझा हातात धरून घरभर फिरले. कोनाड्यापाशी सगळ्या दांड्या फुल्ल. स्वैपाकघराच्या उंबऱ्यावर एक. हळदीच्या डब्यापाशी दोन्ही फोन मेलेले. म्हणजे फोनचा दोष न्हाई, पासवर्डचा न्हाई. मी मागं वळून बघितलं.

कोनाड्याला चिकटून टेबल. टेबलावर ट्रंक. ट्रंकेवर पप्पांचा फोटो, हार घातलेला. पाव्हण्यांनी आणली त्या दिवशी तिथं ठेवली ती तिथंच. अख्खा कोनाडा झाकलेला. लोखंडाची पेटी राउटरम्होरं आडवी घातली तर वायफाय पलीकडं जाणार कसं? डिप्लोमात शिकतेय मी हे. पेपरात लिहिलंय.

"आई, ट्रंक आल्यापासनंच बंद पडलंय का गं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस?"

आई पदराला हात पुसत म्हणाली, "मला वाटलं, कनेक्शन त्यांच्या नावावर हाय. माणूस गेलं म्हटल्यावर कंपनीनं तोडलं आसंल. तुला कशाला सांगायचं, तुजं जीव लावून सांगणं चाललं हुतं की."

मी ट्रंकेला हात घातला तशी ती पुढं आली. "हलवू नगंस. वर्ष हुईस्तोवर न्हाई हलवायची म्हणल्यात पाव्हणे." मग जरा थांबून म्हणाली, "ते तुजं मशीनच वर ठीव की. त्यांच्याजवळ."

वायर कशीबशी पुरली. राउटर ट्रंकेवर बसला, फोटोच्या शेजारी. त्याची हिरवी लाइट फोटोच्या काचेत लुकलुकाय लागली.

आई आत पळाली. डब्याजवळचा फोन हातात घेतला, आणि टिंग, टिंग, टिंग, दोन महिन्यांचं सगळं एकदम पडाय लागलं. बचत गटाचे मेसेज. आत्याचे फुलांचे फोटो. मावशीचे मिस्ड कॉल, सात-आठ तरी, तारखेसकट. आई पिठाच्या बोटानं वर सरकवत राहिली. हळूहळू, सगळ्यात खालपर्यंत. मी शेजारी उभी. माझा त्यात एकबी न्हवता.

कारण मी लावलाच न्हवता. एकदाबी न्हाई. साडेसात वाजले की मी फोन उलटा घालून हॉस्टेलच्या गच्चीवर जायचे. स्क्रीनवर तीनऐवजी दोनच चौकोन दिसतील, ते मला बघवणार न्हवतं. आणि आई इकडं राउटर बंद करून वीस मोजत हुती.

आईनं फोन पुसला, परत डब्याला टेकवला. माझ्याकडं न बघता म्हणाली, "नेट न्हवतं तवाचे फोन ह्यात दिसत नसतील बघ. न्हाई का?"

दिसतात. नेट आलं की सगळे दिसतात. दिवाळीत हे तिला मीच शिकवलंय, पप्पांच्या म्होरं.

"व्हय," मी म्हणाले, "न्हाई दिसत."

तिनं परातीत पीठ घेतलं.

कंडक्टर आला, बस सुटली. साडेसातच्या आत मी रूमवर असीन. आज लावणार हाय, दोन चौकोन तर दोन. पण तुमी सांगा, तुमच्या घरीबी कुणी असं वाट बघत बसलं आणि तुमी नेटवर ढकलून मोकळं झाला, असं कवा झालंय का?