हौसाबाईंशी माझं कधी पटलं नाही

हौसाबाई गेल्याचं मला सोसायटीच्या मोबाइल ग्रुपवरून कळलं. सकाळचे सात वाजले होते. सेक्रेटरींनी लिहिलं होतं, ‘आपल्या सोसायटीतील थोर कलावंत हरपली.’ त्याखाली भराभर जोडलेले हात उमटत होते. मी चहाचा कप बाजूला ठेवला आणि ती ओळ पुन्हा वाचली. याच सेक्रेटरींनी दीड वर्षापूर्वी लिफ्टजवळ नोटीस लावली होती : ‘पार्किंगमध्ये रंगकाम, शिवणकाम व तत्सम उद्योग करण्यास सक्त मनाई आहे.’ हौसाबाईंचं नाव त्यात नव्हतं, पण आमच्या पार्किंगमध्ये तसले उद्योग करणारी दुसरी कोण होती? आणि ती नोटीस निघाली होती माझ्या तक्रारीवरून. शोकसभेत सगळे गोड बोलले. मी गप्प बसले. मला गोड बोलता येत नाही आणि खरं ऐकायला तिथे कोणी आलेलं नव्हतं. आता सहा आठवडे झाले… आता बोलते.

मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. नारायण पेठेत राहत होते. मुलाची नोकरी हडपसरला, म्हणून निवृत्तीनंतर इकडे आले. आमची सोसायटी जिथे उभी आहे तिथे पूर्वी हौसाबाईंच्या सासऱ्यांचा ऊस होता. जमीन बिल्डरला गेली, त्यांच्या वाट्याला तिसऱ्या मजल्यावरचे दोन फ्लॅट आले. वेळ जात नाही म्हणून मी दर रविवारी दहा वाजता हॉलमध्ये बायकांसाठी चित्रकलेचा वर्ग सुरू केला. दुसऱ्याच रविवारी या बाई दारात हजर. साठीच्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर.

“आमाला बी शिकवा की, बाई. नावातच हौस हाय.”

“हौस वेगळी आणि कला वेगळी,” मी म्हणाले. तरी बसू दिलं. चूक झाली.

तीन रविवार त्यांनी निमूटपणे गोल आणि चौकोन काढले. चौथ्या रविवारी मी टेबलावर पितळी तांब्या आणि दोन लिंबं मांडली. फेरी मारत त्यांच्यापाशी आले, तर कागदावर तांब्या होता, लिंबं नव्हती, आणि तांब्यात तोंड घातलेली एक भली मोठी म्हैस होती.

“हे काय?”

“तांब्या बघितला आन् तहान आठवली. तहान म्हनलं की आमची म्हसच येती डोळ्यांम्होरं.”

सगळा वर्ग हसला. मला ते सहन झालं नाही. मी खोडरबर घेतला आणि सगळ्यांदेखत ती म्हैस पुसून टाकली. शिंगांपासून शेपटीपर्यंत. पेन्सिल दाबून धरायची सवय होती त्यांना, त्यामुळे वेळ लागला. हौसाबाई त्या कागदाकडे बघत राहिल्या. मग एवढंच म्हणाल्या, “बाई, ती पानी पीत हुती…” आणि उठून गेल्या.

पुढच्या रविवारी त्या खाली पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलेल्या दिसल्या. जुन्या साड्यांचे काठ, सिमेंटच्या गोण्यांचे कागद, गेरू, चुना. बरोबर वॉचमनची बायको. मला गंमत वाटली. दोन महिन्यांनी वाटेनाशी झाली, कारण माझ्या अकरातल्या सहा जणी खाली गेल्या होत्या. आयटीतली एक मुलगी मला जिन्यात म्हणाली, “मॅडम, डोन्ट माइंड हं, पण तिथे ना कोणी जज करत नाही.” मी म्हणाले, “बरोबर आहे. पारखायला आधी काहीतरी कळावं लागतं.” मुलगी गेली आणि मी तक्रार लिहायला बसले. वाहनांना अडथळा, रंगाचे डाग, आगीचा धोका. अक्षर माझं पहिल्यापासून सुरेख आहे.

नोटीस लागली त्या दुपारी हौसाबाईंनी माझी बेल वाजवली.

“तक्रार तुमीच केली न्हवं?”

“हो. नियम सगळ्यांना सारखे.”

“बरं केलं. गाड्यांचा धूर लई व्हता तितं. आता गच्चीवर बसतो, टाकीच्या सावलीला.” वाकडं बोलल्या असत्या तर मी तयार होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली, बैठकीच्या भिंतींवरून फिरवली आणि विचारलं, “एक इचारू? तुमी सोता काय काडता?”

“म्हणजे?”

“न्हाई, भिंतीवर तुमचं काय दिसंना म्हनून म्हनलं.”

मी दार लावून घेतलं. तोंडावरच.

एकतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मुख्याध्यापकांनी नाही, नवऱ्याने नाही, मीही नाही. दुसऱ्या दिवशी सगळे कामाला गेल्यावर मी कोरा कागद घेऊन बसले. दोन तास. कागदावर आलं ते डोंगर, डोंगरांमधून उगवता सूर्य, एक झोपडी आणि झोपडीकडे जाणारी वाट. एकतीस वर्षं पाचवीच्या मुलांना फळ्यावर काढून दाखवलेलं निसर्गचित्र. दुसरं काही येतच नव्हतं. आत काही शिल्लक आहे की नाही, हेच कळेना. कागद फाडला आणि त्या बाईचा मला असा तिरस्कार वाटला, की आज लिहितानाही तो पुरता ओसरलेला नाही.

उन्हाळ्यात एका रविवारी गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या चादरीवर गेरूचा ठिपका पडला. मला भांडायला कारणच हवं होतं. चादर हातात घेऊन वर गेले. नऊ-दहा जणी बसल्या होत्या, बँकेतल्या साहेबांच्या सासूबाईसुद्धा. कोणी कोणाला शिकवत नव्हतं. हौसाबाई चिंध्यांची बाहुली शिवत होत्या. कोणी अडलं तर उठून तिच्या शेजारी जाऊन बसत आणि आपलंच काम करत राहत. वॉचमनच्या बायकोने कागदावर मासा काढला होता. त्याला चार पाय होते.

“माशाला पाय असतात का?” मी विचारलं. तिने घाईघाईने कागद पदराखाली घेतला.

“दडवू नको गं,” हौसाबाई म्हणाल्या. “बाईंनी इचारलंय, तर सांग.”

ती खाली मान घालून म्हणाली, “याला गावाकडे जायचंय. नदी आटली, म्हणून चालत निघालाय.”

चादरीचं भांडण राहूनच गेलं. हौसाबाईंनी एक जुनं सूप माझ्यापुढे सरकवलं, पांढऱ्या मातीने सारवलेलं. म्हणाल्या, “बसा.” का बसले ते मला आजही सांगता येत नाही. गेरूत बोट बुडवलं आणि नारायण पेठेतल्या आमच्या स्वयंपाकघराची खिडकी काढायला लागले. गजांमधून समोरच्यांचं मांजर दुधाची वाट बघत बसायचं, तेही काढलं. खिडकी कलली, मांजराचं तोंड भोपळ्यासारखं झालं. हौसाबाईंनी वाकून बघितलं. “झ्याक वाकडी आली!” असं म्हणून त्या मनापासून हसल्या, सगळ्या हसल्या, आणि मला वाटलं, फेडलं बाईने. म्हशीचं फेडलं. सूप तिथेच टाकून मी खाली आले आणि बोटं साबणाने दोनदा धुतली.

त्या दिवशी जेवायला दीड तास उशीर झाला होता. मी वर किती वेळ होते ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आयुष्यात इतका वेळ मी घड्याळ विसरून कुठे बसले असेन, असं मला आठवत नाही. तो आनंद होता, हे मला घरी आल्याआल्या कळलं होतं. आणि तो मला त्या बाईकडून घ्यायचा नव्हता. म्हणून वर्षभर मी गच्चीची पायरी चढले नाही. चादरी गॅलरीत वाळवल्या.

शेवटची भेट लिफ्टमधली. खूप वाळल्या होत्या, सुनेने दंड धरला होता. “बाई, रविवारी या की वर.” मी म्हणाले, “मला वेळ नाही.” त्या म्हणाल्या, “मला बी न्हाई आता.” तिसरा मजला आला. त्या उतरल्या. सून मागे वळून माझ्याकडे बघत होती, आणि मला तेव्हा कळलं… पण तोवर दार बंद झालं होतं. दार उघडायचं बटण लिफ्टमध्ये असतं. मी ते दाबलं नाही. पंधरा दिवसांनी ग्रुपवर ते जोडलेले हात आले.

शोकसभेला आठवडा होत नाही तोच सेक्रेटरी कागद घेऊन आले. गच्चीवर टाकीशेजारच्या खोलीत हौसाबाईंचं सामान असायचं, ती रिकामी करायची होती. “मॅडम, मूळ तक्रार तुमचीच होती, तेव्हा एक सही द्या.”

“तक्रार मी मागे घेते.”

“अहो, पण नियम…”

“नियम मला नका सांगू. अडथळा, डाग आणि आग हे तीन शब्द मीच तुम्हाला लिहून दिले होते. रविवारी दहा वाजता मी त्या खोलीत बसणार आहे. थोर कलावंताचं सामान बाहेर काढायचं असेल, तर मी बसलेली असताना या.”

अजून तरी कोणी आलेलं नाही. बायका मात्र आल्या. पहिल्या रविवारी त्या दारातच उभ्या राहिल्या, मी आता काय पुसणार या भीतीने. “बसा,” मी म्हणाले. माझ्या तोंडून ते हुकमासारखंच निघालं.

खोलीत कोनाड्यात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात कडुलिंबाच्या वीसेक काड्या आहेत. हौसाबाई काडीचं टोक चावून चावून त्याचा कुंचला करायच्या. प्रत्येक काडीवर दातांच्या खुणा आहेत. डाव्या बाजूचा एक दात नव्हता त्यांना, तेवढी जागा सगळ्या काड्यांवर गुळगुळीत राहिली आहे. मला किळस आली, खोटं कशाला बोलू? मी एक काडी नळाखाली धरली, पण घासली नाही. या काडीने सरळ रेघ निघतच नाही. चार रविवार मी प्रयत्न करून बघितला. ती आपल्याला हवी तिकडे जाते, मध्येच फाटते, रंगाचा फराटा सोडते. परवा बँकेतल्या साहेबांच्या सासूबाईंनी माझ्या कागदाकडे पाहून विचारलं, “हे काय काढलंत?”

“बघू,” मी म्हणाले. “अजून ठरलेलं नाही.”