बस्त्याच्या दिवशी मी झोपलो होतो

साडीच्या दुकानात सव्वीस वर्षं काढली म्हणून सांगतो, बस्त्याला आलेल्या नवरीच्या तोंडाकडे बघायचं नसतं, हाताकडे बघायचं. लग्नाची खरेदी असते, दोन्हीकडची माणसं गादीवर दाटीवाटीने बसलेली असतात आणि ती बिचारी सगळ्याच साड्यांना ‘छान आहे’ म्हणते. दुसरं काय म्हणणार? पण ज्या साडीवर तिचा हात दोनदा जातो, ती तिची. मग आपण ती साडी हळूच वर काढायची, स्वतःच्या खांद्यावर पदर टाकायचा आणि मुलाच्या आईला म्हणायचं, ‘ताई, तुमच्या सुनेला हा रंग काय खुलेल बघा!’ सासूला वाटतं, आपणच पसंत केली. अशा कितीतरी मुली माझ्या हातून मनासारखा शालू घेऊन गेल्या. माझी स्वतःची हौस एकच होती. माझ्या मुलीच्या बस्त्याला मी गादीच्या पलीकडे, गिऱ्हाईक म्हणून बसणार होतो.

म्हातारे शेठ गेले आणि त्यांच्या मुलाने दुकान चकाचक केलं. बस्त्याची गादी तेवढी वरच्या मजल्यावर ठेवली, बाकी सगळीकडे काचेचे काउंटर आले आणि आम्हाला लाल टी-शर्ट मिळाले. मी म्हटलं, पन्नाशीला टेकलेला माणूस असला टी-शर्ट घालून शालू विकणार नाही. तो शांतपणे म्हणाला, ‘काका, मग तुम्ही मागे पार्सलं बांधायला बसा.’ माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग कायमचाच. त्याच महिन्यात सोडलं. आठवडाभर ऐटीत हिंडलो, मग कळलं की मेन रोडवर या वयाचा सेल्समन कुणालाच नको आहे. शेवटी अंबडच्या एका कारखान्यावर रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड झालो. टी-शर्ट नाकारून आलेल्या माणसाला निळा गणवेश, शिट्टी आणि टोपी मिळाली. बायको पदर तोंडाला लावून हसली आणि नंतर तिने तो गणवेश नीट इस्त्री करून दिला.

सुरुवातीला गेटवर कुणी आलं की माझ्या तोंडून ‘या, या, बसा’ निघायचं. एकदा एका अनोळखी माणसाला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तो कोण हे विचारायचंच राहिलं. सुपरवायझर म्हणाला, ‘काका, दुकान नाही हे. इथे माणूस अडवायचा असतो.’ अडवायला शिकलो, पण बोलणं गेलं. दुकानात संध्याकाळपर्यंत घसा बसायचा. इथे सकाळी पाळी बदलायला आलेल्या गार्डशी बोलायला गेलो की आवाज खरखरत निघायचा, बारा तास वापरलेलाच नसायचा. मला फार एकटं वाटायचं. अंगावरची शाल उलगडायची, दुकानातल्या साडीसारखी घडी घालायची, परत उलगडायची, असं मी करत बसायचो.

दिवसा झोप लागायची नाही. सिडकोतलं आमचं घर दोन खोल्यांचं. एका दुपारी मुलगी फोनवर मैत्रिणीशी खळखळून हसली आणि मी दार उघडून तिच्यावर ओरडलो, ‘रात्रभर मी जागायचं आणि तुम्हाला चार तास तोंड मिटता येत नाही? खबरदार मला कुणी उठवलंत तर!’ तेव्हापासून माझ्या खोलीचं दार बंद राहू लागलं. कुकर मी यायच्या आत लागायचा, टीव्ही आवाजाशिवाय चालायचा आणि दारात कुणी आलं की ‘पप्पा झोपलेत’ असं कुजबुजत सांगितलं जायचं. आपल्या शब्दाला घरात किंमत आहे, असं मला तेव्हा वाटलं.

मुलीचं सायखेड्याच्या घरात जमलं. बस्ता माझ्याच जुन्या दुकानात ठरला. त्या सकाळी पाळीवरून आलो आणि बायकोला बजावलं, ‘साडेअकराला उठव. बाराला सगळे निघू.’ नवा शर्ट खुंटीला लावला आणि आडवा झालो.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. घरात कुणी नव्हतं. शर्ट खुंटीलाच होता.

पाच वाजता त्या दोघी पिशव्या घेऊन आल्या. पाहुणे जीप घेऊन दहालाच आले होते, त्यांना अंधार पडायच्या आत परतायचं होतं. बायको म्हणाली, ‘अहो, मी दोनदा दारापर्यंत आले. कडीला हात लावला. पण तुम्ही किती दिवसांनी असे गाढ झोपला होतात! त्यात तिच्या सासूबाई म्हणाल्या, राहू द्या, त्यांना उठवू नका, लय दमले असतील.’ माझ्या जिभेवर शिवी आली होती. कुणाला द्यायची ते कळेना, म्हणून गिळली.

मी जमिनीवर चादर अंथरली. गणवेश अंगावर चढवला होता, तसाच मांडी घालून बसलो आणि मुलीला समोर बसवलं. एकेक साडी उलगडली, खांद्यावर पदर टाकून दाखवली. दोघी हसल्या, मीही हसलो. शालू राणी रंगाचा, भरगच्च, सासूबाईंच्या पसंतीचा. मुलगी म्हणाली, ‘छान आहे ना, पप्पा?’ तिचे हात मांडीवर होते. मग मोरपंखी रंगाची एक साधी साडी निघाली, तिच्या नणंदेच्या मानाची. मुलीने तिचे काठ बोटाने चाचपले. मी घडी घालायला घेतली तर तिचा हात पुन्हा तिथेच आला.

‘तुला शालू या रंगात हवा होता?’

तिने हात मागे घेतला. मग म्हणाली, ‘होता तिथे एक. पण मला कुणी विचारलंच नाही, पप्पा. तुम्ही असता तर तुम्हाला कळलं असतं.’

शालूचा ब्लाउजपीस तिथेच कापून घेतला होता. कापलेली साडी परत घेत नाहीत, हे मीच हजार गिऱ्हाइकांना सांगितलेलं. मी सगळ्या साड्यांच्या घड्या घातल्या आणि टोपी घेतली. निघताना बायकोला म्हणालो, ‘उद्यापासून माझ्या खोलीचं दार लावू नका. खुशाल बोला, हसा, मला उठवा.’ ती ‘बरं’ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन आडवा झालो. दार सताड उघडं होतं. बाहेर दोघी होत्या, आणि तरीही कुजबुजतच बोलत होत्या.