हात वर

“हात वर.”

आम्ही हात वर केले.

“खाली. आता पुन्ना.”

डोंगरावरच्या एका हॉटेलात आम्ही ग्रामपंचायतीचे सदस्य ओळीत उभे होतो. समोर खुर्चीत गावचे पुढारी अण्णा. सरपंच सदस्यांनी आपल्यातून निवडायचा, असा तेव्हा नियम होता. कुणी फुटू नये म्हणून अण्णांनी आम्हाला ‘सहलीला’ आणलं होतं. मोबाईल काढून घेतले होते. मतदानाच्या वेळी हात डळमळू नये, म्हणून ही तालीम.

सरपंचपद राखीव होतं. त्या जागेला चालतील असे दोघंच. मी आणि शिवा, एकाच वस्तीवरचे. अण्णांनी आम्हाला पुढे घेतलं. आमचे हात पुन्हा वर-खाली करून पाहिले. घोडेगावच्या बाजारात बैल चालवून बघतात, तसे. मग शिवाकडे बोट केलं.

“ह्याचा हात सांगितल्याबरुबर जातो. ह्यो सरपंच. त्यो दुसरा इचार करतोय.”

सगळे हसले. मीही हसलो. पण तोंडातून निघून गेलं, “अण्णा, गावालाच इचारलं तर?”

“आरं, देशाचा राष्ट्रपतीबी लोक निवडत न्हाईत. आमदार-खासदार निवडत्यात. आन तुला सरपंचासाठी गाव पायजे व्हय?”

मला राग यायला हवा होता. आला हेवा. शिवाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या आरशासमोर मी हात वर करून पाहिला. पटकन. आणखी पटकन. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

शिवा सरपंच झाला. खुर्चीत बसायचा अण्णांचा पुतण्या. शिवा बाकावर. सही करण्यापुरता उठायचा. तरीही मी जळायचो. निदान त्याच्या दारावर पाटी तरी होती.

पुढे नियम बदलला. सरपंच थेट गावानं निवडायचा. त्या वेळी सरपंचपद आमच्याच प्रवर्गातल्या बाईसाठी राखीव निघालं. बायको म्हणाली, मी उभी राहते. मी म्हणालो, “तुला कोन मत देतंय?” मी स्वतः जुन्या वॉर्डातून सदस्यपदालाच उभा राहिलो.

माझी धाकटी भावजय सुमन कुणाला न विचारता सरपंचपदाला उभी राहिली. ऊसतोडीला जाऊन आलेली बाई. दारोदार फिरली. माझ्याही दारात आली. “दादा, मत द्या.” मी मान हलवली. मत दिलं नाही.

गावानं दिलं. मी सदस्य झालो, ती सरपंच. खुर्चीत ती स्वतः बसते. पुतण्या आला की म्हणते, “बाकावर बसा.” मला बरं वाटायला हवं. वाटतो हेवाच. शिवाचा हेवा होता तो खुर्चीचा. हिचा आणखी कडू आहे. हिचा हात कुणी वर-खाली करून पाहिला नाही.

अण्णांना हे कळलं असणार. काल त्यांची गाडी माझ्या दारात थांबली.

“भावजयीवर अविश्वास ठराव आनायचाय. एक हात कमी पडतोय. बस गाडीत, त्याच हॉटेलात जायचंय. ग्रामसभेची मंजुरी लागती, ती मागनं बगू.” मग हळूच म्हणाले, “तुझ्याफुडं ती खुर्चीत बसती. बरं दिसतं व्हय?”

बाजूच्या ओट्यावर सुमन उभी होती. सगळं ऐकत होती.

माझा हात गाडीच्या दाराला लागला. खरं सांगतो, लागला.

अण्णा हसले. “आता कसा! सांगितल्याबरुबर आला.”

मी हात काढून घेतला.

“न्हाई येनार.”

“का रं?”

“तिला गावानं बसवलंय. उठवायचं तर गाव उठवील.”

“शाना झाला लई. मंग राष्ट्रपतीबी गावोगाव इचारून निवडू का?”

“व्हय. त्योबी.”

गाडी गेली. सुमनकडे मी पाहिलं नाही. तिच्याकडे बघायला मला तोंड नव्हतं.

हेवा गेलेला नाही. आजही आहे. पण तो माझा आहे, अण्णांच्या कामी येणार नाही. ठरावाच्या सभेत माझा हात मांडीवर राहील. पुरुषाला उभं राहता येईल अशी जागा निघाली की मी उभा राहणार. सुमन समोर असली तर तिच्या विरोधात. मत मागायला तिच्याही दारात जाणार. देणार नाही, हे धरून.

हरलो तर गावासमोर हरेन. हॉटेलात नाही.