साखळीतून सुटलेलं गाव

तापलेल्या वायरीचा वास आला की लातूरचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. जिल्हा नवा, त्यात दुष्काळ. मी सातवी शिकलेला, तरी हट्टानं बसलो. सरांनी कॉम्प्युटरवर टँकर जायच्या गावांची साखळी रचायला सांगितली; प्रत्येक गावाला फक्त पुढचं गाव ठाऊक. मधी नवं गाव घालताना मी जुनी कडी आधीच तोडली, अन् पुढची सगळी गावं पडद्यावरून गेली. त्यात माझंही गाव होतं. सर हसले, "आरं, नव्या गावाला आधी पुढचं धरू दे, मग मागच्याची जुनी कडी सोड." ती नुसती नावं हायत हे कळत होतं, तरी क्लास अर्धा टाकून उठलो. एस.टी. धरून गाव गाठलं. टँकर आला होता. माय म्हणाली, "शिकणं सोडलंस का रं?" "न्हाई, तहान लागली व्हती." माय आता राहिली न्हाई; खरं कारण आज लिहायलोय.