हातांना न कळलेला चटका

लाँड्रीत तो वास पसरला तेव्हा सगळ्यांनी नाकाला पदर लावला. केस जळावेत तसा, पण त्याहून ओशट, घशात चिकटून बसणारा.

"कुणाचं लोकरीचं जळतंय गं?" मुकादमबाई ओरडल्या.

अठरा वर्षं शर्टांना इस्त्री करणाऱ्या वहिनीही टेबलाखाली वाकून शोधू लागल्या. शेजारणीचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडे गेलं आणि ती किंचाळली. आधाराला टेबलावर ठेवलेला हात तापल्या इस्त्रीला टेकला होता. करंगळीची कातडी सुटून पत्र्याला चिकटली होती.

वहिनींनी हात उचलला, पाहिला आणि त्या कोपऱ्यातल्या बादलीत भडाभडा ओकल्या. दुखलं म्हणून नव्हे. काहीच दुखत नव्हतं म्हणून.

तसे चटके आधीही बसले होते. कामाच्या गडबडीत लक्ष गेलं नसेल म्हणत त्या पट्टी बांधून मोकळ्या व्हायच्या. पण ही जखम चिघळली. पट्टी सोडली की कुबट वास यायचा, पिवळा पू कापसाला लागायचा. स्वतःच्याच बोटांची शिसारी येऊन त्या चमच्याने जेवू लागल्या.

नणंदेने त्यांचा पेला वेगळा काढला. तो ती चिमट्यानं उचलायची. "महारोग असला तर? घरात पोरं आहेत." नवरा ऐकून न ऐकल्यासारखं करत जेवत राहिला. मालकानेही "बऱ्या झालात की या" म्हणून घरी बसवलं.

शेवटी मुकादमबाईच त्यांना मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

"डोळे मिटा. हे कळतंय?"

"हो. कापूस आहे."

"आणि आता?"

"बोट लावलंत."

मुकादमबाईंनी तोंडावर हात ठेवला. ती टाचणी होती. गरम पाण्याची नळी आणि गार पाण्याची नळी, वहिनींना दोन्ही सारख्याच. डॉक्टरीणबाईंनी पेनने कडा आखत नेली: दोन्ही हात, खांदे, पाठीचा वरचा भाग. खांद्यांवरून शाल घ्यावी तसा आकार झाला. तळपायाला टाचणी लागली तेव्हा मात्र वहिनी ओरडल्या.

"हा महारोग नाही," मानेचा स्कॅन पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मानेत मज्जारज्जूच्या मधोमध पोकळी झालीय, त्यात पाणी साठलंय. दुखणं आणि गरम-गार सांगणारे धागे तिथूनच एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जातात, ते तुटलेत. स्पर्शाचे धागे मागून जातात, ते शाबूत आहेत."

घरी हे ऐकताच नणंदेनं पेला घासून पुन्हा फळीवर मांडला. "मग लागण नाही ना? मी आपली काळजीपोटी बोलले हो."

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "माझ्या हाताची किळस जाईल एक वेळ. तुम्हा घरच्यांची आलीय, ती जाणार नाही."

ऑपरेशन झालं. गेलेली जाणीव परत आली नाही, पण बधिरपणा पुढे सरकायचा थांबला. करंगळीचं एक पेर मात्र काढावं लागलं. वहिनी आता लाँड्रीत कपडे घेण्याच्या काउंटरवर बसतात. गिऱ्हाईक त्या तुटक्या बोटाकडे पाहून सुटे पैसे टेबलावर टाकतं, हातात देत नाही. आंघोळीचं पाणी त्या पायानं चाचपतात.

रोज संध्याकाळी नवरा चष्मा लावून त्यांचे हात उलटसुलट तपासतो, कुठे कापलं-भाजलं नाही ना. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय तसं. त्याची बोटं लागलेली कळतात. ती गार आहेत की ऊबदार, ते कळत नाही. वहिनी तोवर भिंतीकडे बघत बसतात आणि तपासून झालं की साबणानं हात धुऊन येतात.