पहिल्या हाकेला

आमचं विद्यापीठ बायकांचं. मोठं आवार शहरात आणि हे एवढंसं केंद्र सानगडीजवळ, तलावाच्या पारीखाली. इथे बांधाला पार म्हणतात. मी इथे स्वयंपाकाला आहे. घर कोकणात, आठवीत शाळा सुटली ती सुटलीच. शहरातल्या वसतिगृहात मी भांडी घासत असताना कुलगुरू मॅडम एकदा मोरीशी थांबल्या आणि म्हणाल्या, "शिकायचंय का गं?" त्या एका प्रश्नापायी मी इतक्या लांब आले. स्वयंपाक आटोपला की वर्गात मागे बसायची परवानगी त्यांनीच दिली. आजही तो आवाज गर्दीत ओळखेन.

त्या पावसाळ्यात केंद्र बंद करायची बोलणी सुरू झाली. मुलीच येत नाहीत, असं कुणीतरी वर कळवलं होतं. रोवणीच्या दिवसांत कशा येतील? कंबरेत वाकून धान लावायचं की वर्गात बसायचं? मग निरोप आला, मॅडम स्वतः बघायला येणार. केंद्र गेलं असतं तर मला भावाच्या दारात परत जावं लागलं असतं, आणि तिथे मला कोण वर्गात बसवणार होतं?

मुलींनी बांध्या, म्हणजे आमच्याकडची खाचरं, सोडल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली आणि सगळ्या आल्या. सकाळची वेळ दिलेली, पण गाडी येईना. वरणभात झाला. दुपार चढली. पाऊस उघडला होता, वारा पडला होता. पारीवरच्या बेशरमाच्या झुडपाचं एक पान हलत नव्हतं, आणि तलाव असा दिसत होता की त्यात पाणी नाहीच, नुसतं आभाळ.

मी इथे आले तेव्हाच मुलींनी मला बजावून ठेवलं होतं. "ताई, भर दुपारी तलावाकडून हाक आली का पहिल्या हाकेले ओ द्याची नाही. माणूस असन त दुसऱ्यांदा हाक मारन. ते एकदाच मारते."

"ते म्हणजे कोण?"

"ते नाव कायले घ्याचं? तुमच्या कोकणात नाही का भुतं?"

"आहेत. पण ती हाका मारत नाहीत, सरळ जेवायला येतात," मी म्हटलं होतं. सगळ्या खूप हसल्या होत्या. पण दुपारी पहिल्या हाकेला कुणी ओ देत नसे, हे मी रोज बघत होते. हळूहळू मीही थांबायला शिकले.

तर त्या दुपारी हाक आली.

"कोणी आहे का गं?"

आवाज मॅडमचा. स्वच्छ, जवळचा, दाराबाहेरून यावा तसा. मी उठले. शेजारच्या मुलीनं माझं मनगट धरलं. वर्गातल्या सगळ्या माना खाली गेल्या होत्या.

"अगं, मॅडम आहेत!"

"असतीन त आणखी हाका मारतीन. थांब."

आम्ही थांबलो. दुसरी हाक आली नाही. मी खिडकीतून पाहिलं, तर दाराशी कुणीच नव्हतं. गाडी लांब, पारीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. चिखलामुळे अलीकडे येऊ शकली नसावी. तिच्याजवळ दोन माणसं, एक छत्री. माझ्या डोळ्यांदेखत ती छत्री वळली आणि गाडीकडे परत जायला लागली.

मी मनगट सोडवलं आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "ओ! ओ!"

मागे कुणीतरी "अगे माय" म्हणाली. छत्री थांबली.

मॅडम आल्या, गळ्याला रुमाल गुंडाळलेला. बरोबरचे साहेब म्हणाले, "मॅडमचा घसा पार गेलाय. बोलायला मनाई आहे. मीच विचारतो काय ते."

मी मॅडमकडे बघत राहिले. त्या जवळ आल्या आणि नुसत्या श्वासानं बोलल्या, "बरं झालं ओ दिलीस. सगळं सामसूम, म्हणून आम्ही परतच निघालो होतो."

"पण तुम्ही हाक मारलीत ना?"

त्यांनी मान हलवली. नाही. साहेब हसले, "एवढ्या लांबून? हाक कसली!" मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मुलींचे चेहरे पाहिले, मग खिडकीतून तलाव पाहिला. बराच वेळ. मग जमिनीवर मुलींच्या ओळीत बसल्या, चिखलानं चिरलेल्या बोटांकडे बघितलं, एकीचं पुस्तक मांडीवर घेतलं. निघताना माझ्या कानाशी तोच श्वास आला, "केंद्र राहील."

गाडी गेल्यावर सगळ्यांत थोरल्या मुलीनं चुलीजवळचं मीठ माझ्यावरून उतरवलं आणि विस्तवात टाकलं. ते तडतडलं नाही. तडतडलं तर बाधा उतरली, असं मानतात.

तेव्हापासून मुली मला दुपारी एकटी सोडत नाहीत. आळीपाळीनं कुणी ना कुणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुस्तक घेऊन बसते आणि मोठ्यानं वाचते, मधेच वर बघते, मी आहे ना याची खात्री करते. पळी फिरवता फिरवता माझं इतिहासाचं निम्मं पुस्तक असं ऐकून झालं. काल एकीला विचारलं, "एवढ्या मोठ्यानं काहून वाचतेस गं?"

ती म्हणाली, "तुले दुसरं काही आयकू नाही आलं पायजे."