प्रमुख पाहुण्यांनी खुनी सांगितला

आमच्या सासूबाईंनी माझी एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नाही. हे सांगितलं की लोक च्‌च्‌ करतात. त्यांना वाटतं, बिचारीला घरात किंमत नाही. तसं नव्हतं हो. त्या अगदी मन लावून वाचायच्या, आणि मध्येच कुठेतरी पुस्तक पालथं घालून चहाचा कप उचलत म्हणायच्या, "तो मेहुणा ना गं?" झालं. खुनी कळला की पुस्तक मिटलं. "कळल्यावर पुढे कशाला वाचायचं? मला काय दुसरे उद्योग नाहीत?"

मी रहस्यकथा लिहिते. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून लिहिते, आणि तेव्हापासून या बाई मला हरवत आल्या आहेत. मेहुणा, वकील, पोस्टमास्तर, जुळ्या भावांतला तोतरा, सगळे त्यांनी चहाच्या घोटाबरोबर पकडले. एकदा चिडून मी खून झालाच नाही अशी कादंबरी लिहिली. दोनचार प्रकरणं वाचून त्या म्हणाल्या, "मेला नाहीये गं तो. कुठेतरी बसून पोहे खात असेल." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, ओळखलं तर ओळखलं, वर कशावरून ओळखलं तेही ऐकवायचं. "त्या नोकराला तू उगीच खोकायला लावलंस. कामाच्या घरी नोकर असे उगीच खोकत नसतात." नवरा हसायचा. तो आम्हा दोघींच्या मध्ये कधी पडला नाही. पेपर तोंडापुढे धरला की त्याचं कर्तव्य संपतं.

घराबाहेर कौतुक होत होतं म्हणावं तर तेही नाही. पुण्यात तुम्ही रहस्यकथा लिहिता म्हटलं की समोरचा विचारतो, "हो का? आणि बाकी काय लिहिता?" शनिवार पेठेतल्या एका वाचनालयात माझं पुस्तक सहज उघडलं, तर पहिल्याच पानावर कोणा सभासदानं पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं: 'डॉक्टरनेच मारले. वेळ घालवू नये.' मी खोडरबर मागितलं. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "खोडून काय उपयोग? सगळ्यांना माहीत आहे." अशा गावात राहून मी खुनी लपवायचा धंदा करते.

तर ही शेवटची कादंबरी. मार्केट यार्डातल्या गुळाच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या घरात घडणारी. त्यासाठी मी भल्या पहाटे तिथे जाऊन गुळाच्या ढेपांमध्ये उभी राहिले, हमालांच्या शिव्या खाल्ल्या, साडीला मुंगळे घेऊन घरी आले. गोष्ट सगळी त्या घरी येणाऱ्या डॉक्टरांचा कंपाउंडर सांगतो. पहिल्या पानापासून तोच बोलतो, आणि तो असा काही बोलतो की वाचकाचा संशय त्याच्यावरून हलू नये. खुनी मात्र निराळाच. व्यापाऱ्याची थोरली विधवा बहीण, आत्याबाई. रोज संध्याकाळी भावाचा काढा आधी स्वतः चाखून मगच त्याला देणारी. ज्या दिवशी त्या काढ्यात विष असतं, त्या दिवशी ती म्हणते, "आज माझी एकादशी, मी चाखणार नाही." वाचक पुढे जातो. आदल्या संध्याकाळी त्याच घरात संकष्टीचा चंद्र बघून जेवणं झालेली असतात, हे त्याच्या लक्षात येत नाही. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी एकादशी कशी येईल?

सासूबाईंना मात्र ते दिसणारच. सगळे उपासतापास त्यांना तोंडपाठ. कॅलेंडरवर काही चुकलेलं असलं तर ते कॅलेंडर छापणाऱ्याला फोन करायला लावणारी बाई ही. मी तो चंद्र आणि ती एकादशी मुद्दाम लांब लांब ठेवली, मध्ये भांडणं घातली, एक लग्न मोडलं. खरं सांगते, मला ना परीक्षण हवं होतं, ना पुरस्कार. त्यांनी ऐंशी कधीच ओलांडलेली. त्यांना एकदा, फक्त एकदा, शेवटच्या पानापर्यंत न्यायचं होतं आणि तिथे आत्याबाईंना समोर उभं करायचं होतं. बास.

छापील प्रती आल्या त्या दिवशी पहिली त्यांच्या हातात दिली. त्या खिडकीशी बसल्या. मी आत-बाहेर करत राहिले. पालथं घातलेलं पुस्तक दिसेना. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला. "डोळ्यांमुळे वेळ लागतोय," एवढंच म्हणायच्या आणि पान उलटायच्या. मी भाजी चिरता चिरता बघायची, कुठवर आल्या? अर्ध्याच्या पुढे गेल्या! चंद्र मागे पडला, एकादशी मागे पडली, तरी बाई गप्प. मी एकदा न राहवून विचारलं, "काय आई, कोण वाटतं?" तर म्हणाल्या, "गप्प बस, वाचू दे." अहो, मला स्वयंपाकघरात गिरकी घ्यावीशी वाटली. या वयात!

आणि मग तो प्रकाशन समारंभ.

प्रकाशकांनी प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं कोणाला, तर मला एम.ए.ला शिकवलेल्या सरांना. मोठे समीक्षक. रहस्यकथेला 'वाङ्मयाची मागची गल्ली' म्हणणारे. मी प्रकाशकांना म्हटलं, "यांना का? हे माझ्या पुस्तकाला चिमट्यानंसुद्धा धरणार नाहीत." ते म्हणाले, "मॅडम, रहस्यकथेला वजन नसतं. पाहुण्यांचं वजन लागतं." वजन काय, मार्केट यार्डातून ढेप आणून ठेवली असती मंचावर. निदान बोलली तरी नसती.

सासूबाईंना पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसवलं. सोनेरी काठाची साडी, हातात पुस्तक. दीपप्रज्वलन झालं, प्रास्ताविक झालं, चकचकीत कागद फाडून पुस्तकाचं प्रकाशन झालं, शाल-श्रीफळ झालं. मग सर उठले. खिशातून घड्याळ काढून समोर ठेवलं. घड्याळ समोर ठेवणारा वक्ता कधीही वेळेत संपवत नाही, हे पुण्यात सगळ्यांना माहीत आहे. बराच वेळ ते पाप आणि पश्चात्ताप यांवर बोलले. मला जरा बरं वाटलं. म्हटलं, पुस्तक वाचलेलंच नाही, म्हणजे धोका नाही.

आणि मग ते म्हणाले, "रसिकहो, खून कोणी केला हा प्रश्न साहित्यात गौण असतो. आत्याबाईंनी आपल्या सख्ख्या भावाला विष का दिलं, हा खरा प्रश्न आहे."

मला वाटलं, मी ऐकलंच नाही. पण मागून कोणीतरी "अरे!" म्हणालं, आणि कोणीतरी फिस्सकन हसलं. सर सुटलेच. काढा, विष, "संकष्टीच्या दुसऱ्याच दिवशी एकादशी! केवढी ही विलक्षण विसंगती!" मी खुर्चीतून उठले. "सर!" त्यांनी मोठ्या मायेनं हात केला, "बसा, बसा, तुमचं मनोगत नंतर आहे." सभागृह हसलं. आणि मी बसले! कशी बसले कोण जाणे. माइक ओढून घ्यायला हवा होता. समोर सासूबाई ताठ बसल्या होत्या. चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

नंतर बटाटेवड्याची बशी घेऊन उभ्या असलेल्या सरांना मी गाठलं. "सर, तुम्ही खुनी सांगून टाकलात."

"अहो, लोक वाचतीलच की."

"कशासाठी?"

"शैलीसाठी."

"तुम्ही कुठवर वाचलंत सर?"

"शेवट वाचला की कादंबरीचा पिंड कळतो," ते चटणी घेत म्हणाले.

शेवट! शेवटचं प्रकरण म्हणजे आत्याबाईंचा कबुलीजबाब, संकष्टी-एकादशीसकट. या माणसानं तेवढंच वाचलं होतं, बहुतेक रिक्षात. अख्खी कादंबरी ज्या कंपाउंडरच्या तोंडून सांगितली त्याचा भाषणात साधा उल्लेख नाही, तो का नाही, ते आता कळलं. हातातलं श्रीफळ त्यांच्या डोक्यात घालावं असं वाटलं. पलीकडे विक्रीच्या टेबलाशी लोक पुस्तक उचलत होते आणि परत ठेवत होते. प्रकाशक हळूच येऊन म्हणाले, "मॅडम, उचल नाहीये." मी म्हटलं, "का हो? वजन जास्त झालं का?"

रिक्षात सासूबाई पुस्तक मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी तोंड उघडलं असतं तर रिक्षावाल्यालाच दोन शब्द ऐकावे लागले असते.

सकाळी चहा ओतत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय?"

"आत्याबाई. मला आधीच कळलं होतं."

कप दाणकन ठेवला मी. "मग बोलला का नाहीत? आयुष्यभर बोलत आलात!"

"या वेळी नाही बोलावंसं वाटलं."

म्हणजे दया! मला दया नको होती. मला त्यांची दया कधीच नको होती, त्यापेक्षा ते "तो मेहुणा ना गं?" परवडलं. माझा आवाज चढला. "कशावरून ओळखलंत?"

"संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी एकादशी होय? मला काय कळत नाही?"

"आणि कंपाउंडरचं काय? तुमच्यासाठीच तर त्याला इतका संशयास्पद केला होता मी. त्याच्यावर एकदाही संशय आला नाही?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "कोण कंपाउंडर?"

नवऱ्यानं पेपर खाली केला. मी आत गेले, पुस्तक आणलं, पहिलं पान उघडून त्यांच्यापुढे धरलं. पहिल्याच ओळीत आहे तो. "वाचा."

"ओरडू नकोस."

"वाचा, आई."

"कळलंय ना तुला? मग कशाला विचारतेस?" त्या म्हणाल्या. आणि पुस्तक बाजूला सारून, "दसऱ्यापासून. मधली अक्षरं पुसल्यासारखी होतात. कडेकडेचं दिसतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा गेला, आता काही व्हायचं नाही. मी एकटीच जाऊन आले."

म्हणजे खिडकीशी बसून त्या नुसती पानं उलटत होत्या. आणि मी भाजी चिरत खूश होत होते. मला त्यांचा असा संताप आला की रडायला यायला लागलं. "सांगायचंत ना मग! मी वाचून दाखवलं असतं की!"

"तुझ्याकडून?" त्यांनी नाक मुरडलं. "तू वाचलंस की सगळं कळतं. खुन्याचं नाव आलं की तुझा आवाज असा साळसूद होतो. त्यात काय ओळखायचं? ती काय शर्यत झाली?"

"मग याला सांगायचं!" मी नवऱ्याकडे हात केला.

"तो दोन ओळी वाचून घोरतो. वरच्या मजल्यावरच्या बाईंना सांगून ठेवलं होतं. त्यांच्या शाळेला सुट्टी लागली की येऊन वाचणार होत्या. तोवर पानं उलटत बसले. तू सारखी डोकावत होतीस ना." त्यांचा आवाज कापायला लागला, तसा त्यांनी तो दरडावून सरळ केला. "आणि त्या तुझ्या मेल्या मास्तरानं सांगून टाकलं. कानात बोटं घालावीत म्हटलं, तर पहिल्या रांगेत नेऊन बसवलेलं. सगळ्यांदेखत कशी घालू?"

मी खुर्चीत बसले. चहा निवून गेला होता, कोणी प्यायला नाही.

"मी ओळखला असता," त्या म्हणाल्या.

"नसतात ओळखला."

"ओळखला असता गं. चंद्र तिथेच होता ना?"

"खूप लांब ठेवला होता मी तो, आई. या वेळी नसताच सापडला तुम्हाला."

"सापडला असता."

त्या माझ्याकडे रोखून बघत होत्या. म्हणजे मला तसं वाटलं. नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, कानाच्या जरा बाजूला होती. माझा चेहरा दिसावा म्हणून त्यांना आता तिकडे बघावं लागत होतं.